बिनसाखरेचा चहा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, पोरीला तर नाहीच. आता तुम्हाला का सांगतेय, देव जाणे.

मी नर्स. आमच्या डॉक्टरांनी हुपरीत चांदीकाम करणाऱ्या बायकांचं रक्त तपासलं, तेव्हा सोबत मी होते. रिपोर्ट आले नि डॉक्टर चक्रावले. चांगलं कोलेस्टेरॉल — हृदयाला जपणारं ते — जिच्या तिच्या रक्तात कमी. तरण्या पोरींच्यासुद्धा! कशानं? रक्तातच असेल, पिढ्यान्‌पिढ्या? दिवसभर मांडी घालून पैंजण जोडायचे, म्हणून? भात, गोड चहा? की तंबाखू?

तंबाखूचं विचारायचं काम माझं. सगळ्या म्हणाल्या, न्हाय बाई. खोटं बोलत नव्हत्या हो त्या. आमच्याकडं तंबाखू खायची गड्यांनी. मिश्री म्हणजे दात घासायचं. भाजून कुटलेली तंबाखूच की ती! सकाळी लावायची, जेवल्यावर लावायची, चहावर लावायची. घरोघरी डबी दिसत होती मला. आणि मी लिहीत होते — नाही, नाही, नाही.

का? — माझ्या पर्समध्येही डबी होती. डॉक्टरांनी माझ्या दातांकडं बघितलं असतं तर?

तोंडानं लपवलं ते रक्त सांगत होतं. बोटभर नळीतलं रक्त, नि त्याला सगळं ठाऊक!

ज्यांच्या सोप्यात आम्ही बसलो होतो त्या सुमनवैनींनी मला थेट विचारलं, "सिस्टर, माझ्या हातातलं काय ते सांगा. आजपासनं सोडतो."

मी काय सांगितलं? चहातली साखर सोडा म्हणून.

परवा, इतक्या वर्षांनी, त्यांना बघायला गेले. हृदयाचं ऑपरेशन झालंय, छातीवर ही एवढी खूण. चहा दिला — बिनसाखरेचा. मी सांगितलं त्या दिवसापासून साखरेला शिवल्या नाहीत म्हणे. सणाला नाही, लेकीच्या लग्नातही नाही. माझ्या एका शब्दावर? मी सांगितलं असतं, तर असली बाई मिश्रीही त्याच दिवशी सोडती.

चहा झाला. त्यांनी डबी उघडली, आधी माझ्याकडं सरकवली.

"घ्या की. तुम्हीबी लावतासा, मला तवाच कळलंतं. म्हटलं, नर्सबाई लावती, म्हंजे मिश्रीचं काय भ्या न्हाय."

मी बोट पुढं केलं.