महिन्याच्या मिस्सेनंतरचं जेवण

वडील गेले त्याला महिना झाला, त्या दिवशी आम्ही चर्चमध्ये त्यांच्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थना, ठेवली होती. बुलडाण्यात आमच्यासारखी कॅथलिक घरं थोडी. त्यामुळे चर्चमधून सगळेच सरळ आमच्याकडे जेवायला आले, फादरसुद्धा. अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या. मी लोकांना बसवत होतो, पाणी देत होतो आणि मला काहीच वाटत नव्हतं. दफनाच्या दिवशीही वाटलं नव्हतं. मी लॅबमध्ये रक्त तपासतो. एका नळीवर चिठ्ठी चिकटवायची, पुढची घ्यायची, तसा तो महिना गेला होता.

आई भिंतीला टेकून बसली होती. वडील गेल्यापासून ती अर्ध्या पोळीवर राहिली होती. बोलणं विचारलं तेवढंच.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. ते धाड गावच्या रस्त्यावर जीप चालवतात. त्यांच्या तोंडाला कधीच लगाम नव्हता. लग्न असो की बाप्तिस्मा, काकांचा एखादा घाण किस्सा ठरलेला. वडील "अबे, लेकरं हायेत इथं" म्हणायचे आणि सगळ्यांच्या आधी हसायचे.

त्या दिवशी काका आईसमोर ताट घेऊन बसले. मग म्हणाले, "वहिनी, भाऊ तुमाले पाह्याले मेहकरले आल्ते, आठवते का? रस्त्यात भजे खाल्ले अन् पोट बिघडलं. तुमच्या घरी चार वेळा तांब्या मांगतला. तुमच्या बाबाले वाटलं, पोरगं हातपाय धून राह्यलं. म्हनते, लय स्वच्छ पोरगं हाय, देऊन टाका."

मिस्सा होऊन तास झाला नव्हता. लोकांनी फादरकडे पाहिलं. फादर ताटात पाहत होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

आई म्हणाली, "चार नाई, पाच वेळा. पाचवा तांब्या मीच भरून देल्ता."

आणि ती हसली. पदर तोंडाशी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग तिने पोळी मागितली. माझी बायको भात वाढत होती, तिने पातेलं खाली ठेवून पळत जाऊन पोळी आणली.

काका तिथं थांबले असते तर मला आज हे लिहावं लागलं नसतं. पण अंगण हसत होतं. बायको त्यांना वाढायला वाकली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहून आवाज चढवला, "काऊन बे, चर्चमंदी लय गुडघे टेकते, घरी टेकत नाई का? सहा वर्सं झाले, पाळणा हलून नाई राह्यला!"

लोक हसले. मीही हसलो.

तीन महिन्यांपूर्वी बायकोचं बाळ चौथ्या महिन्यात पडलं होतं. हे ती, मी आणि आई, एवढ्या तिघांनाच ठाऊक होतं. तिने काकांच्या ताटात भात टाकला, पुढच्या ताटात टाकला, अशी शेवटपर्यंत गेली. आईचं हसणं थांबलं होतं, पण पोळी तिच्या हातातच होती.

दुपारी सतरंज्या झटकताना बायकोने विचारलं, "तुम्ही हसलात?" ती जालन्याकडची, सावकाश बोलते.

"सगळे हसले," मी म्हणालो.

"मी सगळ्यांचं नाही विचारलं."

मी सतरंजीचं दुसरं टोक धरलं आणि आम्ही घडी घातली.

पुढच्या शनिवारी मी पापनिवेदनाला गेलो. फादर दक्षिणेकडचे, मराठी इथं येऊन शिकलेले. मी विचारलं, "घरच्या बैठकीत घाण विनोद करणं पाप आहे का?"

"मी पण हसलो होतो," ते म्हणाले. "तांब्याच्या गोष्टीला. त्या दिवशी तुमची आई जेवली. त्याला पाप म्हणायला मला जमणार नाही."

"आणि दुसऱ्याला?"

"दुसऱ्याला मी नाही हसलो. पण मी थांबवलं पण नाही." जाळीपलीकडून ते पुढे म्हणाले, "काकांचं काका सांगतील. तुम्ही तुमचं सांगा."

मी सांगितलं की मला आतून काही वाटलंच नाही. सगळ्यांची तोंडं हसली म्हणून माझंही हसलं. फादर म्हणाले, "हे मला सांगून काय उपयोग? घरी सांगा. तेच प्रायश्चित्त."

घरी सांगितलं. बायको मेथी निवडत होती. ऐकून म्हणाली, "मला माहीत आहे. बाळ गेलं तेव्हाही तुम्ही असेच होता." आणि पुढची काडी मोडली. मला वाईट वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही, एवढं कळलं.

रविवारी मी धाडला गेलो. काका जीपच्या बॉनेटला टेकून सवारीची वाट पाहत होते. मी त्यांना बाळाचं सांगितलं. त्यांनी तोंडातली सुपारी थुंकली.

"मले कोनी सांगतलं नाई बे."

"सांगावं लागते का काका?"

त्यांनी बॉनेटवरची धूळ हाताने पुसली. मग म्हणाले, "वहिनी हसल्या नं. मले वाटलं, आता थांबलो त पुन्हा रडतीन." त्यांचा आवाज फाटला. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, कारण अशा वेळी ठेवतात.

दोन दिवसांनी ते आमच्या दारात आले. चप्पल काढून उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "सूनबाई, माही जीभ घसरली. मी नालायक मानूस हाव."

बायकोने त्यांना आत बसवलं, चहा दिला. माफ केलं, असं ती म्हणाली नाही. कप उचलताना एवढंच म्हणाली, "काका, माझ्यावर नका बोलू. बाकी काय बोलायचं ते बोला."

नाताळला सगळे पुन्हा जमलो. काका खाली मान घालून जेवत होते. आईने दोनदा त्यांच्याकडे पाहिलं, मग मला हळूच विचारलं, "त्याले कोनी काई बोललं का?" मी नाही म्हणालो. ते खोटं होतं आणि तेही मी अजून कुणाजवळ कबूल केलेलं नाही. बायको करंज्यांचं ताट घेऊन फिरत होती. आईने एक उचलली आणि अर्धी खाऊन ठेवून दिली.