विळ्याचा जपानी शब्द

रंगनाथ पगारे तसा शांत माणूस. सातपूरच्या एका कारखान्यात कारकून. चार वर्षं दर रविवारी एस.टी.नं पुण्याला जाऊन तो जपानी शिकला होता. म्हणून १९८५ साली यंत्रं बसवायला मोरिता नावाचे जपानी इंजिनिअर आले, तेव्हा दुभाष्याचं काम त्याच्याकडेच आलं.

एका दुपारी आवारात गवत कापणं चाललं होतं. मुकादमानं गवत कापणाऱ्या सिंधुबाईच्या कानाखाली वाजवली. तिचा नवरा काळू, हरसूलकडचा, हातातल्या विळ्यासकट मधे पडला. विळा त्यानं उगारला नाही, मुकादमाला नुसतं ढकललं. मोरितांनी खिडकीतून सगळं पाहिलं.

मॅनेजरला काळूला पोलिसांत द्यायचं होतं.

"मोरितांच्या नावानं जपानीत जबाब लिही. ते सही करतील. आणि हत्याराला चांगला भारदस्त शब्द घाल."

जपानीत विळ्याला 'कामा' म्हणतात, तिथली शेतकरीणही तेच म्हणते. कोर्टकचेरीचा शब्द वेगळा, 'क्योकी'. ज्यानं खून किंवा हल्ला केला ते हत्यार. रंगनाथनं मुकाट्यानं 'क्योकी' लिहिलं.

मोरितांनी कागद वाचला. त्या शब्दावर बोट ठेवून जपानीत विचारलं, "खून कोणाचा झाला?"

रंगनाथची कानशिलं तापली.

"काय म्हणतात?" मॅनेजरनं विचारलं.

"विचारतात, खून कोणाचा झाला."

"सांग, मुकादम थोडक्यात बचावला."

"नाही सांगणार!" रंगनाथचा आवाज बाहेरच्या टेबलांपर्यंत गेला. "तो गवताचा विळा होता, साहेब. मारलं मुकादमानं, एका बाईला. गरिबाच्या हातातला विळा तुम्हाला हत्यार दिसतो, मुकादमाचा हात दिसत नाही?"

"पगारे, तोंड सांभाळ!"

"आजवर सांभाळलं, म्हणून तर असला कागद लिहिला!"

त्यानं कागद टराटरा फाडला आणि तिथंच दुसरा लिहिला. विळ्याला 'कामा'. मुकादमाची थप्पडही लिहिली. मोरितांनी सही केली.

पोलीस आले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी काळू-सिंधुबाईला गेटवरूनच परत पाठवलं. महिन्याभरात रंगनाथची बदली स्टोअरला झाली. दुभाष्या मुंबईहून आणला.

पुढे एकदा द्वारका चौकात ट्रकमध्ये कांद्याच्या गोण्या चढवताना काळू दिसला. सिंधुबाई बाजूलाच होती.

"भाऊ, तुमच्यामुळं जेल टळली," काळू म्हणाला.

"माझे आभार मानू नकोस," रंगनाथ खेकसला. "आधीच्या कागदात तुला गुन्हेगार मीच केलं होतं."

काळूनं खांद्यावरची गोणी खाली ठेवली. सिंधुबाईनं रंगनाथकडं रोखून पाहिलं.

"का?"