तपकिरी चेंडूचा फाऊल

जानेवारीतली शनिवारची दुपार. इंग्लंडमधली फुटबॉलची मॅच सहाला सुरू होणार, अजून तीन तास आहेत. कोल्हापुरातल्या आपल्या घरी पद्माकर सासने आरामखुर्चीत पाय पसरून पडलेत. टीव्हीवर आवाज बंद करून स्नूकर चाललंय. लाल चेंडू जातो, मग काळा, मग परत लाल. डोळे मिटतात, उघडतात. एकदा उघडतात तेव्हा शेजारच्या खुर्चीत हिंदुराव इंगवले बसलेला असतो.

हिंदुराव श्रावणात वारला. पद्माकरांनी त्याला खांदा दिलाय. तरुणपणी तो पेठेच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर, पुढं जन्मभर क्लबात मार्कर, म्हणजे स्नूकरचं टेबल राखणारा, गुण पुकारणारा. शनिवारची मॅच दोघं याच खोलीत बघायचे. तो गेल्यापासून पद्माकर मॅच लावतात आणि हाफटाइमच्या आत बंद करतात.

"ही चीनची पोरं बघ," हिंदुराव म्हणतो, जणू मघापासून बोलणं चालूच आहे. "काय नेम हाय! पण सेफ्टी खेळायला कुणाला दम न्हाई. चेंडू लपवायचा, समोरच्याला घाम फोडायचा, ती मजा गेली."

"फुटबॉलात उलटं झालंय. तिथं सगळी सेफ्टीच. गोलकीपर दोन पावलांवर पायानं पास देत बसतो."

"मी तसा दिला असता तर पेठेत मला कुणी पाणी विचारलं नसतं." हिंदुरावला हे मनापासून लागलेलं दिसतं. "आणि ते व्हीएआर, व्हिडिओ बघून निकाल देणारं. गोल झाल्यावर माणसानं नाचावं का थांबावं? बगल पुढं हाय का गुडघा, रेघा मारून बघत्यात."

पद्माकर हसतात. हसता हसता त्यांच्या लक्षात येतं की ते उभे आहेत आणि हातात क्यू, स्नूकरची काठी आहे. समोर क्लबातलं टेबल, वर तोच लांबुळका दिवा. खोलीला भिंती दिसत नाहीत, पण ते त्यांना वावगं वाटत नाही.

"हिंदू," ते हळूच म्हणतात, "व्हीएआर असता तर मी पकडला गेलो असतो."

"कधी?"

"क्लबाच्या फायनलला. शेवटच्या फ्रेममध्ये वाकलो तेव्हा शर्टाची बाही तपकिरी चेंडूला लागली. फाऊल होता. आपण होऊन सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही, आणि करंडक घेऊन घरी आलो."

हिंदुराव मऊ कापडानं तपकिरी चेंडू पुसतोय. "मी बघितलं होतं."

"मग पुकारला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. ती माझी चूक. फ्रेम संपली, लोक गेले. म्हटलं, आज न्हाई तर उद्या बोलंल."

"तीस वर्षं वाट बघितलीस?"

"दर शनिवारी. मॅच बरी असायची, त्यामुळं जाणवलं न्हाई."

हिंदुराव चेंडू जागेवर ठेवतो, ताठ उभा राहतो आणि क्लबातल्या त्या भरदार आवाजात पुकारतो, "फाऊल. समोरच्याला चार."

आवाज लांबवर जातो, कारण टेबलाचं हिरवं कापड आता कडेला संपतच नाही. पायाखाली ओलं गवत लागतं. पेठेतली माणसं कठड्यावर दाटीनं बसलीत, सगळ्यांची तोंडं ओळखीची. पद्माकरांच्या छातीतलं काहीतरी मोकळं होतं. ते खोल श्वास घेतात. हिंदुराव गोलात उभा आहे, पंचविशीतला, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला.

"सगळी मॅच बघत जा," तो तिथून ओरडतो. "अर्ध्यावर उठतोस ते बरं न्हवं."

"एकट्याला करमत नाही रे."

"शालनला बसव. तिला ऑफसाईड तुझ्यापेक्षा चांगला कळतो."

तो दोन पावलं पुढं येतो आणि हातानं चेंडू फेकतो, लांब, सरळ. पद्माकर छाती पुढं करतात.

दणका बसतो आणि ते जागे होतात. पाच वाजलेत. दारात बायको, शालन, चहाचा कप घेऊन उभी आहे.

"झोपेत हसत होता," ती म्हणते. मग जवळ येऊन वाकून बघते. "आणि नुकत्याच धुतलेल्या सदऱ्यावर हा चिखल कुठला?"

पांढऱ्या सदऱ्यावर, बरोबर छातीवर, वाटीएवढा गोल डाग. पद्माकर बोट लावून बघतात. माती ओली आहे, गवताची एक काडीही चिकटलीय.