पोहोचलो

ॲम्ब्युलन्सवर नव्याने लागणारी मुलं ताईला हमखास एकच प्रश्न विचारत: "कुठे बरं?" विचारणं बरोबरच होतं, कारण ताई तीन घरचं पाणी प्यायलेली होती. आधी सरकारी गाडी, मग एका मोठ्या खासगी हॉस्पिटलची गाडी, आणि आता कंपनीची, जिच्याकडे निम्म्या शहराचं कंत्राट होतं. स्थळाची चौकशी करायला माहीतगार बाईकडे यावं तशी ही मुलं चहाचा कप घेऊन तिच्या शेजारी येऊन बसत. त्यांना वाटे, ताई आता पगार, रजा, बढती असं काही उलगडून सांगेल. ताई सांगे ते संडासाबद्दल.

"सरकारी गाडी पुलाखाली उभी असते. संडास समोरच्या पेट्रोल पंपावर, किल्ली मालकाच्या खिशात, आणि मालक जेवायला गेलेला. हॉस्पिटलचा संडास संगमरवरी. पण गाडीवरच्या माणसांनी मागच्या दाराने यायचं, आणि मागचं दार बंद. कंपनीत प्रत्येक ठाण्यावर संडास आहे, त्याला आतून कडी आहे, आणि ती कडी लागते. आता तुझं तू ठरव."

मुलं हसत. मुली हसत नसत. पाळी बारा तासांची असते आणि पाणी न पिता ती काढता येते, हे ताई पहिल्याच नोकरीत शिकली होती. त्याची फळं तिच्या मूत्रपिंडांनी पुढे दोनदा भोगली.

बाकीची तुलना ती कोणाला सांगत नसे. सरकारी गाडीत कापडाची झोळी होती, जिने अरुंद होते, आणि रुग्ण नेमके वरच्या मजल्यांवर आजारी पडत. तिथे तिची पाठ गेली. हॉस्पिटलच्या गाडीत पाठीला आराम होता. तिथे त्रास वेगळा. रुग्ण आपल्याच हॉस्पिटलात न्यायचा, मग वाटेत दुसरं लागलं तरी. लागलंच, तर ड्रायव्हर तेवढ्यापुरता सायरन वाढवी, म्हणजे नातेवाइकांचं लक्ष बाहेरच्या पाटीकडे जात नसे. एका बाईने तरीही ती पाटी वाचली आणि विचारलं, "इथे का नाही?" ताईने काहीतरी उत्तर दिलं, आणि पुढच्याच महिन्यात नोकरी सोडली.

त्या मानाने कंपनी म्हणजे माहेर. स्ट्रेचर बटणावर वर उचललं जाई. हातमोजे हाताच्या मापाचे मिळत. सायरन होता तेवढाच होता.

म्हणूनच आपल्या भाचीला कंपनीच्याच गाडीवर लावायचं, असं ताईने मनाशी पक्कं केलं होतं. भाची, म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी, शिकायला म्हणून ताईच्या दोन खोल्यांत आली आणि राहिली. पॅरामेडिकचा कोर्स पुरा झाला; गाडीवर जागा निघेपर्यंत कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये कानाला हेडफोन लावून ती फोन घेत होती. आता जागा निघाली होती. त्याच आठवड्यात सरकारी सेवेचंही बोलावणं आलं. शुक्रवारपर्यंत काय ते सांगायचं होतं.

"पोरीला धड जागी लाव बाई," बहीण फोनवर म्हणाली होती. "तुझी पाठ मी बघितलीय." ताई त्यानंतर सुपरवायझरकडे जाऊन दोन शब्द टाकून आली. स्वतःसाठी तिने असे शब्द आयुष्यात कधी टाकले नव्हते, त्यामुळे ते जरा वेडेवाकडेच पडले. पण पडले.

सोमवारी सकाळी दोघी डबे भरत होत्या.

"काल एका मुलाला आईची छाती दाबायला लावली मी," भाची म्हणाली. "मी मोजायचं, त्याने दाबायचं. रडत होता, पण दाबत होता. मग गाडीचं हिरवं झालं आणि मी सुटले."

"हिरवं कसलं?"

"तुम्ही ‘पोहोचलो’ दाबता ना, ते माझ्या पडद्यावर हिरवं होतं. मग मी म्हणायचं, मदत आली आहे, दार उघडा. आणि ठेवायचा. नाही ठेवला तर आपोआप कटतो. नवीन केलंय त्यांनी."

"बरंय की. तेवढीच मोकळी होतेस."

"मोकळी कसली, दुसरा वाजतोच. मावशी, मग कंपनी ना नक्की?"

"कंपनी."

"संडास?"

"संडास," ताई म्हणाली आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं. या बोलण्यात ऐकण्यासारखं काही होतं, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

त्या बटणाची हकिकत अशी. गाडीत पुढे एक टॅब बसवलेला असे. त्यावर चार बटणं: निघालो, पोहोचलो, उचललं, सोडलं. ‘निघालो’पासून ‘पोहोचलो’पर्यंत घड्याळ पळे, आणि त्या घड्याळावर ठाण्यातल्या पडद्यावर गाड्यांचे नंबर लागत. आता गल्ली सापडत नाही, फाटकावरचा माणूस डुलकी घेतोय, लिफ्ट बंद आहे, याला गाडीवाला काय करणार? म्हणून गाडी शेवटच्या वळणाला लागली की ‘पोहोचलो’ दाबायचं, असा रिवाज पडला. तो कोणी पाडला ते सांगता येत नव्हतं. नव्या माणसाला स्ट्रेचर कसं धरायचं हे शिकवताना हेही शिकवलं जाई. हळूहळू शेवटचं वळण म्हणजे शेवटचा सिग्नल झाला. सुपरवायझरला ठाऊक होतं. त्याच्या वरच्यांना ठाऊक नव्हतं, किंवा त्यांनी तशी काळजी घेतली होती. कंपनी शहरात सर्वांत लवकर पोहोचते अशी पाटी प्रत्येक गाडीच्या पाठीवर होती. गाडीच्या पाठीवर असल्यामुळे गाडीतल्यांना ती वाचावी लागत नसे.

ताईचा ड्रायव्हर स्वामी. मूळ नाव काहीतरी वेगळं होतं. पण सिग्नलला अडकला की तो डोळे मिटून बसे, म्हणून स्वामी. मंगळवारी दुपारी फोन आला: बाई कोसळली, श्वास नाही, नवरा छाती दाबतोय. स्वामीने गाडी काढली ती अंगावर काटा येईल अशी. शेवटच्या सिग्नलला मात्र समोर एक सामानाचा ट्रक आडवा लागला होता. स्वामीने डोळे मिटले.

"ताई, दाबा ते," डोळे न उघडताच तो म्हणाला. "नंबर जातोय."

ताईने दाबलं. घड्याळ थांबलं. ट्रक थांबलेलाच होता.

इमारतीच्या फाटकाशी एक म्हातारा शिंपी उभा होता. शिंपी हे कळायला वेळ लागला नाही, गळ्यात टेप तसाच होता. एका हातात फाटकाचं काढलेलं कुलूप, दुसऱ्या हातात कानाला लावलेला फोन. फोनमधून काही ऐकू येत नव्हतं.

"कुठे होतात?" त्याने विचारलं. भांडणाचा सूर नव्हता; त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"कोण आहे वर त्यांच्याजवळ?"

"कोणी नाही. दोघंच असतो आम्ही." जिना चढताना तो मागून बोलत राहिला. "मी दाबत होतो. ती पोरगी फोनवर मोजत होती. काका, छान जमतंय म्हणाली. मग म्हणाली, मदत आली आहे, दार उघडा. म्हणून उठलो. खाली आलो तर तुम्ही नाही. म्हटलं, पुढच्या फाटकाशी असाल, तिकडेही बघून आलो. परत वर जावं, तर तुम्ही याल आणि घर दाखवायला कोणी नसेल."

जिना चढताना तिची पाठ दुखायची. त्या दिवशी दुखली की नाही, हे तिला नंतर आठवेना.

खोलीत शिलाई मशीनच्या सुईखाली एक अर्धी बाही अडकून होती. बाई जमिनीवर उताणी पडली होती. उठण्यापूर्वी नवऱ्याने तिच्या डोक्याखाली कापडाची घडी सरकवली होती, नीट, कडा जुळवून. ताई गुडघ्यांवर बसली आणि दाबू लागली. गाडीतून आणलेल्या हृदयाच्या मशीनने सांगितलं की झटका देण्यासारखं काही उरलेलं नाही. ती दाबत राहिली, स्वामीशी आळीपाळीने, जिन्यात जमेल तसं, गाडीत एकटीने, हॉस्पिटलच्या दारापर्यंत. तिथे डॉक्टरने तिच्या खांद्याला हात लावून तिला थांबवलं.

परतताना स्वामी म्हणाला, "ते आधीच संपलेलं होतं, ताई."

"असेल."

"दोन-चार मिनिटांनी काय होणार होतं?"

"काही नसतं झालं कदाचित."

"मग?"

"मग काय? कदाचित म्हणाले ना."

संध्याकाळी ठाण्यातल्या पडद्यावर त्यांची गाडी तिसऱ्या नंबरावर होती. शिंप्याच्या बायकोकडे ते वेळेच्या आत पोहोचले होते.

घरी येताना ताईने एक वाक्य घोटून तयार ठेवलं होतं: वय झालं होतं, काही करता येण्यासारखं नव्हतं. ते वाक्य चांगलं होतं, तिन्ही नोकऱ्यांत चाललं होतं. भाची गॅसपाशी उभी होती आणि खुशीत होती.

"मावशी, दुपारी शिंपीकाका होते ना, तुमचीच गाडी होती. नंबर बघितला मी. कसे दाबत होते बिचारे. वाचल्या ना काकू?"

"गेल्या. वय झालं होतं."

भाचीने झारा खाली ठेवला. थोड्या वेळाने म्हणाली, "पण काकांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. मी ऐकत होते. निदान तेवढं तरी."

ताईने पुढे होऊन गॅस बंद केला. घोटलेलं वाक्य संपलं होतं, आणि पुढचं तिच्याकडे तयार नव्हतं. तिने मग सगळं सांगितलं: सिग्नल, ट्रक, बटण, कुलूप, दोन्ही फाटकं. डोक्याखालची घडी तेवढी सांगितली नाही.

"म्हणजे मी थांबवलं त्यांना," भाची म्हणाली.

"मी थांबवलं. बोट माझं होतं."

"आवाज माझा होता. छान जमतंय म्हणाले आणि उठवलं."

"तुला ठाऊक नव्हतं."

"तुला होतं. काल सकाळी इथेच उभी राहून सांगितलं मी तुला." ती आवाज न चढवता बोलत होती, ताईला ते जास्त लागलं. "आधी किती वेळा?"

"सगळेच दाबतात गं."

"ते नाही विचारलं मी."

खरं उत्तर ‘रोज’ असं होतं. भाजी कढईतच निवली. दोघी जेवल्या नाहीत. भांडी मात्र घासली गेली, कारण कोणाला तरी पाठमोरं उभं राहायचं होतं.

"सरकारीत बटण नाही ना?" पाठमोरी भाचीच म्हणाली.

"नाही. वायरलेसवर सांगायचं. आणि तिथे खरंच सांगतात. गाड्या इतक्या कमी, की लवकर पोहोचल्याचं कोणाला खरं वाटणार नाही."

"तिथे फोनवर मोजतं कोणी? दाबायला शिकवतं?"

"तिथे पत्ता विचारतात आणि ठेवतात."

"आणि हॉस्पिटलवाल्यांकडे?"

"तिथली बाई फार गोड बोलते. गाडी कुठे जाणार तेवढं सांगत नाही."

इतक्या वर्षांत ताईने ही तुलना पहिल्यांदाच पुरी केली होती. भाची बराच वेळ एकच ताट विसळत राहिली.

शुक्रवारी तिने सुपरवायझरला सांगितलं की गाडी नको, सरकारीही नको, फोनवरच राहते. सुपरवायझरने ताईला बोलावून विचारलं, "पोरीचं डोकं ठिकाणावर आहे ना? तुम्हीच मागे लागला होतात." बहिणीने फोनवर तेच विचारलं, जरा अधिक शब्दांत, आणि पोरगी खुर्चीला खिळवून ठेवल्याबद्दल ताईला बोल लावले. ताईने ते ऐकून घेतले. खुर्ची पाठीला वाईट नसते, एवढंच ती म्हणाली.

तिनेही एक केलं. टॅब जागेवरून काढून खांद्याच्या पिशवीत टाकून ती रुग्णापर्यंत नेऊ लागली. गाडीचा नंबर पहिल्या आठवड्यात नववा झाला, दुसऱ्यात शेवटचा. स्वामीने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "शेवटच्या नंबराचं एक बरं असतं. आणखी खाली जायची भीती नाही." बाकीच्या गाड्या सिग्नललाच पोहोचत राहिल्या. नव्या मुलांनी ताईजवळ चहा प्यायचं कमी केलं.

भाचीला दोनदा लेखी समज मिळाली: फोन ठेवायला वेळ लावते. फोन आपोआप कटला की ती लगेच त्याच नंबरावर उलटा फोन लावून पुन्हा जोडत असे. असं करता येतं, हे कंपनीच्या लक्षात यायचं होतं. तिसऱ्या समजेला घरी पाठवतात.

मग एका दुपारी ताई आणि स्वामी एका घरात शिरले. दार सताड उघडं होतं, मिटू नये म्हणून त्याला उशी लावलेली. आत जमिनीवर एक मुलगा घामाघूम होऊन बापाची छाती दाबत होता. शेजारी स्पीकरवर टाकलेला फोन पडला होता, आणि त्यातून ताईच्या घरातला आवाज एका संथ लयीत मोजत होता. मधेच तो आवाज म्हणाला, "थांबू नका. कोणी आलं म्हटलं तरी थांबू नका. तुमचे हात कोणीतरी बाजूला करेपर्यंत दाबत राहा."

ताईने गुडघे टेकले. बापाचा चेहरा पाहून तिला कळायचं ते कळलं. तरी तिने मुलाचे हात हलकेच बाजूला केले आणि आपले ठेवले.

"मी आहे," ती फोनकडे तोंड करून म्हणाली.

मोजणं थांबलं.

"नक्की?" भाचीने विचारलं.

"हात ठेवलेत," ताई म्हणाली, आणि दाबू लागली.

भाचीने फोन ठेवला. स्वामीने पिशवीतून टॅब काढून ‘पोहोचलो’ दाबलं.