भुऱ्याच्या गळ्यातला कांदा

मोठी ताटावर बसली की पयले दाराकडं पाहे. भुऱ्याची थाळी रिकामी दिसली की उठलीच. मी म्हनो, "बस वं, कुत्रं काही मरून नाही राह्यलं." तर म्हने, "आजी, त्याले आनलं कोनं? आपनच ना? मंग!" हे तिचं "मंग" मी लई आयकलं.

मोठी माही नात. माय तिची बिमारीनं गेली, बाप दुसरं घर करून बसला. मी धरमपेठेत लोकायची धुनीभांडी कराची, अन् हे भाऊबहीन प्रताप नगरच्या खोलीत दिवसभर एकटे राहत. त्यात लहान्यानं नालीतून पिल्लू उचलून आनलं. आमचंच पोट भरत नव्हतं. मी सोडून द्याले निंगाली, तर मोठीनं दार अडवलं. "माह्या पोळीतली देईन," म्हने. दिलीबी.

लहान्या मात्र खेळापुरता. पानी ठेव म्हटलं की पळे. "कुत्रं तुयं हाय का शेजाऱ्याचं बे?" मोठी टोमना मारे. त्याले काही लागे नाही.

उन्हाळ्यात लू लागू नये म्हनून आमच्याकडं खिशात कांदा ठेवतात. लहान्याले वाटलं, भुऱ्याले खिसा कुठं हाय? त्यानं सुतळीनं कांदा त्याच्या गळ्यात बांधला अन् गेला खेळाले. भुऱ्यानं सुतळी तोडून कांदा खाऊन टाकला. मंग उलट्या. हिरड्या पांढऱ्या पडल्या, उभं राहवे ना. मोठीनं त्याले पोत्यात गुंडाळून जनावरायच्या दवाखान्यात नेलं. डाक्टर म्हने, कांदा कुत्र्याले जहर असते.

लहान्या भिंतीले टेकून रडे. मले वाटलं, आता ठोकते ही त्याले. मोठी इतकंच म्हने, "उन्हापासून वाचवाले गेलता ना? मंग रडू नको. पानी पाज."

तो चमच्याचमच्यानं पाजत बसला. भुऱ्या वाचला. पान्याचं मंग लहान्याले कधी सांगा लागलं नाही.

मोठीचं लगन झालं, चंद्रपूरले गेली. फोनवर पयले तेच, "भुऱ्या जेवला?" यंदा भुऱ्या म्हातारपनानं गेला. तिले सांगाचं कसं, मले सुचे ना. लहान्यानंच फोन घेतला. "ताई, गेला तो. पानी मीच पाजलं, आखरीपर्यंत."

मोठी तिकडून म्हने, "आजी जेवली काय रे?"

तवापासून लहान्या ताटावर बसला की पयले माह्या ताटाकडं पाह्यते.