निखारा मी फुंकला

"आधी तोंड धू. आमच्यासमोर धू."

असं म्हणला तो. वयानं माझ्या निम्मा असंल. भुशीच्या धरणाच्या रस्त्याला रविवारची गर्दी, गाड्या एकमेकींना चिकटलेल्या, आन् हा माझ्या शेगडीपाशी उभा राहून फोन माझ्या नाकापुढं धरतोय. फोनमधे मीच.

"ही तूच ना?"

"व्हय की, मीच हाय," म्हणलं. आन् हसले. मला वाटलं, माझा फोटो कुटंतरी छापून आलाय. लोक येतात, कणीस भाजताना फोटो काढतात, लोणावळ्याची मजा म्हणून कुटंकुटं टाकतात. तसंच काय तरी. हे सांगताना आजबी माझी कानशिलं तापतात. मी हसले.

"कणसावर थुंकतेस तू. सगळ्या जगानं बघितलंय."

मला कळंचना. "न्हाई वो साहेब, अल्लाची शपथ न्हाई," एवढंच बोलले. शपथ ऐकून तर त्याच्याबरोबरची पोरं जास्तच हसली. मग तो म्हणला ते वाक्य. आधी तोंड धू, मग भाज, मग बघू खायचं का न्हाई.

आन् मी धुतलं.

पिण्याच्या पाण्याचा कॅन उचलला, रस्त्याच्या कडेला वाकले, चूळ भरली. त्यांच्या गाडीतली एक पोरगी काच खाली करून म्हणली, "अजून एकदा." मी अजून एकदा भरली. ओढणीनं तोंड पुसलं. चार कणसं भाजली, लिंबू-मीठ चोळलं, पुढं केली. त्यांनी घेतली न्हाईत. गाडी पुढं सरकली तसे हसत निघून गेले. शेजारच्या हातगाडीवर सुमनताई भजी तळत व्हती. आमची ओळख आजकालची न्हाई, तिच्या बाळंतपणात मी रात्री जागलेली. तिनं सगळं बघितलं आन् झाऱ्यानं भजी हलवत राहिली. मी बी तिच्याकडं बघितलं न्हाई. चोरी केल्यावर माणूस बघत न्हाई तसं.

आता झालं काय व्हतं ते सांगते.

एरवी आमी पुठ्ठ्यानं वारा घालतो. पण पावसाळ्यात कोळसा दमट असतो, नुसता धुरतो. मंग कणीस एका हातानं बाजूला धरायचं, वाकायचं आन् खालून तोंडानं फुंकायचं. सगळ्या बाया असंच करतात. सुमनताई बी करते. फुंकलं की ठिणग्या उडतात. पर्यटकांना ते लय आवडतं. "मावशी, ठिणग्या उडवा ना," म्हणतात आन् फोन काढतात. आमी उडवतो. चार गिऱ्हाईकं थांबतात, आपला बी धंदा व्हतो. मी तर चिमूटभर मीठ टाकायची निखाऱ्यावर, तडतड जास्त व्हावी म्हणून. हौस दांडगी माझी.

त्याच्या आदल्या आठवड्यात एक जण आला. चांगलं बोलत व्हता. "ठिणग्या उडवा मावशी, मस्त मोठ्या." मी ओढणी मागं सारली, छाती भरून श्वास घेतला आन् फुंकलं. त्यानं शूट केलं. वा वा म्हणला. कणीस खाल्लं, बोटं चाटली. मग विचारलं, "मावशी, नाव काय तुमचं?"

मी नाव सांगितलं. पूर्ण. आडनावासकट. आमच्यात कुणी नाव विचारलं की पूर्णच सांगायची पद्धत.

"अच्छा," म्हणला. तेवढंच. अन् गेला. मी त्याच्याकडं परत बघितलं बी न्हाई.

त्या रविवारी घरी आले. आमचं घर कान्ह्याच्या पुढं, गावात. घरात बोलणं मराठी, भांडण मराठी, शिव्या तर अस्सल मावळी. माझी लेक रुबीना लोणावळ्यात एका हॉटेलच्या काउंटरवर बसते. तिला म्हणलं, दाखव मला काय हाय ते. ती म्हणली, "जाऊ दे अम्मी." तिच्या तोंडावरून कळलं की तिला आधीपासून ठाऊक हाय.

"तुला माहीत व्हतं?"

"दोन दिवस झाले."

"आन् मला बोलली न्हाईस?"

रडायला लागली. मॅनेजरनं तिला फोन दाखवून विचारलं व्हतं, ही बाई तुमच्याकडचीच ना, ओळखतेस? तिनं सांगितलं, न्हाई ओळखत.

मी तिला काय बोलू? पोरीला रागवावं असं वाटलं न्हाई. मला माझीच लाज वाटली, की माझी ओळख सांगायची माझ्या पोरीला चोरी झाली. त्या रात्री जेवण गोड लागलं न्हाई कुणालाच.

मंग तिनं दाखवलं. वाकलेली मी, गाल फुगलेले, कणीस बाजूला. ठिणग्या उडायच्या आधीच कापलेलं. त्याचा आवाज बी कापलेला. वर दोन ओळी. माझं नाव, आन् लिहिलेलं, बघा कसं थुंकतात, यांच्या हातचं खाऊ नका. बस. दोन ओळी. मी वीस वरसं त्या रस्त्याला कणसं भाजली ती दोन ओळीत पुसली गेली.

मी रुबीनाला विचारलं, "हे हाय तरी काय? आपल्या घरच्या ग्रुपसारखं हाय का?"

"नाही अम्मी. ग्रुप म्हणजे घरात बसून बोलणं. हे म्हणजे चौकात उभं राहून बोलणं. कुणीबी ऐकतं."

"आन् पैसे मिळतात व्हय त्याला?"

"नाही."

"मंग कशाला करतो मेला?"

तिला बी धड सांगता येईना. मला माझ्या लहानपणची दवंडी आठवली. माणूस डफ वाजवत यायचा, आळीच्या तोंडाशी थांबायचा, मोजकंच बोलायचा आन् पुढच्या आळीला जायचा. त्याला तरी पुढं जायचं असायचं म्हणून मोजकं. मी म्हणलं, ही दवंडीच की. रुबीना म्हणली, व्हय, पण दवंडीला उलटून कुणी बोलायचं का? हितं बोलता येतं. त्याच्या खालीच. ज्यांनी त्याचं वाचलं ते तुझं बी वाचणार.

"कुणीबी बोलू शकतं?"

"कुणीबी."

"मी बी?"

"तू बी."

एवढं सोपं असंल तर आजवर मला कुणी सांगितलं का न्हाई, हे माझ्या डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी आण्णा आले. आण्णा म्हंजी आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या गाडीवाल्यांचे पुढारी. कुणाची गाडी कुटं लागणार ते आण्णा ठरवतात. माणूस वाईट न्हाई. रुबीनाचे अब्बा टेंपोवरून पडले तेव्हा दवाखान्यात पहिले आण्णाच आलते. तेच तर अवघड असतं, वाईट माणसाला न्हाई म्हणणं सोपं असतं.

"वैनी, तुमचं चुकलं असं मी म्हणत न्हाई. पण दोन शब्द बोला. हात जोडा, माफी मागा, मी शूट करतो आन् टाकतो. सीझन हाय. उद्या या बोंबाबोंबीत नगरपालिकेनं सगळ्यांच्याच गाड्या उचलल्या तर? माफी मागून कुणाचं नाक कापलं जात न्हाई."

"आण्णा, नाक माझं हाय."

"आन् जागा सगळ्यांची हाय," आण्णा म्हणले. "हे मिटेपर्यंत गाडी लावू नका."

रुबीनाचे अब्बा खाटेवरून म्हणले, "पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. माग की माफी, काय फरक पडतो." घरात कमावणारी मीच आन् रुबीना. जागा गेली की काय व्हतं ते मला कुणी सांगायला नको व्हतं. मी उठले. भिंतीला पाठ लावून उभी राहिले. हात जोडले. आण्णांनी फोन वर धरला आन् म्हणले, "म्हणा, माझ्याकडून चूक झाली."

तोंड उघडलं. चूक म्हणायला गेले आन् तोंडात ती चूळ आली. रस्त्याच्या कडेला वाकलेली मी. अजून एकदा, म्हणणारी ती पोरगी. तिनं सांगितलं आन् मी केलं. आण्णा सांगतायत आन् मी करतीये. उद्या अजून कोणी सांगंल. मला माझीच किळस आली.

मी हात खाली घेतले.

"माझ्याच्यानं व्हायचं न्हाई, आण्णा. मी थुंकले न्हाई."

आण्णांनी फोन खिशात टाकला. चपला घातल्या आन् गेले. अब्बांनी तोंड भिंतीकडं केलं.

संध्याकाळी रुबीना आल्यावर म्हणलं, माझं खातं काढ त्याच्यात. माझ्या नावानं. पूर्ण नाव. ती घाबरली, म्हणली दुसरं कायतरी नाव देऊ. मी म्हणलं, त्यानं माझंच नाव घेऊन लिहिलंय, मी दुसऱ्याचं कशाला घेऊ?

मंग मी सांगायला लागले आन् ती लिहायला लागली. "साहेब, मी गरीब बाई हाय. तुमच्या आईसारखी. वीस वरसं कष्ट करून पोट भरते. माझ्याकडून काय चुकलं असंल तर पदर पसरते, पण साहेब..."

"अम्मी, भरलं. पुढं जागा नाही."

"अगं, मुद्दा तर अजून आलाच न्हाई!"

"एवढंच मावतं त्याच्यात. काहीतरी काढायला लागंल."

मी विचार केला. "साहेब काढ."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"पदर पसरते?"

"काढ."

"गरीब?"

इथं मी थांबले. गरीब तर मी हायच. पण ते त्याला कशाला सांगायचं? गरीब नसते तर थुंकले असते का? "काढ," म्हणलं.

"तुमच्या आईसारखी?"

"तेवढं राहू दे."

"मावत नाही अम्मी."

"काढ मंग. तशी बी मी त्या मेल्याची आई न्हाई."

रुबीना हसली. तीन दिवसांनी पहिल्यांदा.

काढता काढता माझ्या लक्षात आलं ते सांगते. जेवढं काढलं ते सगळं हात जोडणं व्हतं. जन्मभर मी बोलायच्या आधी हात जोडत आले. गिऱ्हाईकाला, नगरपालिकेच्या माणसाला, शाळेतल्या बाईंना, आण्णांना. खरं बोलायचं असलं तरी आधी चार वेळा साहेब. तितंवर ऐकणारा निघून जायचा आन् माझं खरं माझ्यापाशीच राहायचं. या डबड्यात साहेबाला जागाच न्हाई. पाया पडायला जागा न्हाई. खरं तेवढं मावतं. ज्यांनी हे काढलं त्यांनी कशासाठी काढलं मला ठाऊक न्हाई. माझ्यासाठी तर नक्कीच न्हाई. पण माझ्या कामाला आलं.

शेवटी राहिलं ते हे:

"मी थुंकले न्हाई. निखारा फुंकला. ठिणग्या उडवा मावशी, असं तुमीच म्हणलात. तेवढा तुमचा आवाज कापलात. सगळा व्हिडिओ टाका."

रुबीना म्हणली, "नाही" असं शुद्ध लिहू का? मी म्हणलं, मी कुटं शुद्ध बोलते? आहे तसं टाक. तिनं टाकलं. त्याच्या बरोब्बर खाली.

लगेच सगळं गोड झालं असं समजू नका. आधी शिव्या आल्या. रुबीना वाचून दाखवंना. मी म्हणलं वाच, सगळ्या वाच. जे लिहायला त्यांना लाज वाटली न्हाई ते ऐकायला मला का वाटावी? पण वाटली. दोन दिवस मी दाराबाहेर गेले न्हाई, दुधाला बी शेजारची गेली. मग कुणीतरी लिहिलं की आमी बी या मावशींना ठिणग्या उडवा म्हणलोय, सगळ्याच फुंकतात. मग अजून कोणी विचारलं, सगळा व्हिडिओ कुठं आहे? मग बरेच विचारायला लागले. तो काही बोलला न्हाई. एके सकाळी रुबीनानं उघडलं तर त्याचं गायब. त्या जागी नुसती करडी पट्टी, ही पोस्ट काढून टाकली आहे. आन् खाली माझं, माझ्या नावासकट.

दुपारी आण्णा आले. खूष. बरोबर सुमनताई, हातात भज्यांचा पुडा.

"मिटलं वैनी! त्यानं काढून टाकलं. आता तुमचं बी काढून टाका, म्हंजी फिटंफाट. शनिवारी तुमच्या जागेवर गाडी लावा."

"त्यानं लिहिलं का कुटं, की मी खोटं बोललो?"

"लिहिलं न्हाई. पण काढलं की."

"काढून त्याचं काय गेलं? ज्यांनी बघितलं त्यांच्या डोक्यातलं कोण काढणार?"

सुमनताई म्हणली, "कशाला ताणतीस बाई, काढ की."

"तू त्या रविवारी बघत व्हतीस ना, सुमन?"

तिनं भज्यांचा पुडा चुलीशी ठेवला.

आण्णा मग सरळच बोलले. "तुमचं ते तितं राहिलं तर लोक येऊन विचारत राहणार, की कशाचं उत्तर हाय हे. विषय जिवंत राहणार. मला तो रस्त्यावर नको. ते काढा न्हाईतर जागा सोडा."

अब्बा माझ्याकडं बघत व्हते. रुबीनाच्या हातात फोन, अंगठा वर धरलेला. एक बोट लावलं की माझं बी गेलं. मी तिच्या हातातून फोन घेतला.

"जागा सोडते," म्हणलं.

आता मी कान्हे स्टेशनच्या रस्त्याला बसते. तितं पर्यटक न्हाईत, धंदा निम्मा बी न्हाई. रुबीनानं मॅनेजरला अजून काय सांगितलेलं न्हाई. मी विचारत बी न्हाई, ते तिचं तिनं ठरवायचं. सुमनताई स्टेशनवर दिसते कधी, बोलतो. पहिल्यासारखं न्हाई. आण्णांनी दोनदा निरोप धाडला. अब्बा अजून म्हणतात, एवढ्या चार ओळींपायी?

व्हय, त्यापायीच. त्यानं त्याचं पुसलं आन् तो हात झटकून मोकळा झाला. मी माझं पुसलं तर असं काय झालंच न्हाई असं व्हईल. मला लाज वाटते, अजून वाटते, ती घेऊन मी बसते. पण ते मी पुसणार न्हाई. जागेसाठी न्हाई, आण्णासाठी न्हाई, माझ्या माणसांसाठी बी न्हाई. ज्याला वाचायचंय त्यानं वाचावं आन् विचारावं, हे कशाचं उत्तर हाय म्हणून. मी सांगीन. जेवढ्या वेळा विचाराल तेवढ्या वेळा सांगीन, माझं नाव लावून.