डावीकडची दुसरी फांदी

कवळ्या बनवणाऱ्या त्या माणसाला सगळे कवळीकारच म्हणत, आणि त्याच्या हाताला एक खोड होती: तो दात कधी सरळ बसवत नसे. एका रांगेत दात बसवायला काय, फूटपट्टी पुरते, असं त्याचं म्हणणं. पण असे दात पाहिले की समोरच्याला आधी कवळी दिसते आणि मग माणूस. म्हणून प्रत्येक कवळीत वरच्या ओळीतला डावीकडचा दुसरा दात तो केसभर तिरका ठेवायचा. गिऱ्हाईक आरशात बघून कुरकुरायचं. तो म्हणायचा, आठ दिवस थांबा. आठ दिवसांत घरच्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत कुणालाच काही कळलेलं नसायचं, आणि तक्रार आपोआप मिटायची.

दातांच्या दवाखान्यामागच्या एका अरुंद खोलीत त्याने या कामात सव्वीस वर्षं काढली होती. भिंतीला फळ्या, फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, प्रत्येकाच्या बुडाला पेन्सिलीने घातलेली तारीख. माप घ्यायच्या मसाल्यात लवंगेचं तेल असतं, त्यामुळे त्याच्या हातांना कायम लवंगेचा वास यायचा. त्याने कापलेला पाव खाल्ला की आपली दाढ दुखतेय असं वाटतं, अशी बायकोची तक्रार होती. माणूस मितभाषी. त्याला इलाजच नव्हता म्हणा ना. अर्ध्या गावाची तोंडं त्याच्या माहितीची, आणि रस्त्यात भेटलेली मंडळी त्याच्याकडे बघून हसायची ती ओठ मिटून.

या सगळ्यांत मोठं गुपित होतं ते खुद्द त्याच्या सासूबाईंचं. सासूबाई म्हणजे खोट्याचा मनस्वी तिटकारा असलेली बाई. खोटे दागिने, खोटी फुलं, खोटं कौतुक, काही म्हणून चालायचं नाही. लग्न ठरलं तेव्हा जावयाचा धंदा ऐकून त्यांनी मुलीला विचारलं होतं की हा माणूस दिवसभर खोटंच करत बसतो का. आणि एकोणीस वर्षांपूर्वी, एका मंगळवारी भरदुपारी, त्याच सासूबाई तोंडाला रुमाल लावून त्याच्या खोलीत आल्या, पर्समधून स्वतःचा तरुणपणीचा हसरा फोटो काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, हे कुणाला कळता कामा नये, माझ्या मुलीलासुद्धा नाही. त्याने ते पाळलं. दर चार-पाच वर्षांनी 'बँकेत जाऊन येते' असं सांगून त्या दुरुस्तीला यायच्या. इकडे बायको येईल त्याला अभिमानाने सांगायची की आईचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत आहेत. ते अठ्ठावीस आहेत, कवळीत तेवढेच बसवतात, हे जगात दोघांनाच माहीत होतं. असा विषय निघाला की ते दोघं भलतीकडे बघायचे.

त्या वर्षी सासूबाई आपल्या घरी स्वयंपाकघरात घसरून पडल्या. एकट्या राहायच्या. सकाळी पडल्या, आणि पोस्टमनने दारातून हाक ऐकली तोवर दुपार झाली होती. बायकोने त्याच आठवड्यात त्यांना इकडे आणलं. त्या आल्या, पण बॅग काही रिकामी केली नाही. भरलेली बॅग खाटेखाली सरकवली. लागेल ते काढायच्या, धुऊन वाळवून पुन्हा आत ठेवायच्या. मी पाहुणी आहे, म्हणायच्या, मनाविरुद्ध काही झालं की बॅग उचलली आणि चालले माझ्या घरी. बायको दिवसातून दोनदा वाकून खाटेखाली बॅग आहे ना, ते बघायची. आई परत गेली आणि पुन्हा पडली तर, या विचाराने तिला घास उतरत नव्हता.

अशात नाताळ जवळ आला. सासूबाईंच्या घरी झाड म्हणजे खरं झाड. सासरे होते तोवर ते स्वतः खांद्यावरून आणायचे. ज्या घरात खोटं झाड उभं राहील तिथे मी नाताळ करायची नाही, बॅग तयारच आहे, असं सासूबाईंनी जेवताना जाहीर केलं. आता पंचाईत अशी की आदल्या वर्षी याच घरात खरं झाड आणलं होतं, आणि त्या वासाने बायकोचा दमा असा उसळला की खोकून खोकून ती चार दिवसांत अर्धी झाली. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा झाड आणलंत तर मला बोलावू नका. हे सासूबाईंच्या कानावर घातलं, तर त्या म्हणाल्या की झाडाने कुणाला दमा होत नाही, ही लहानपणी झाडाखाली लोळायची, आणि आमच्या घराण्यात मुळात दमाच नाही. विषय संपला.

म्हणजे खरं आणलं तर बायकोच्या जिवावर बेतणार, खोटं आणलं तर सासूबाई निघणार. बायको रडवेली होऊन त्याला म्हणाली, "अहो, तुमचं सगळं आयुष्य यातच गेलं. तुमच्या हातून एक झाड नाही का होणार?" सव्वीस वर्षांत ती त्याच्या धंद्याबद्दल पहिल्यांदाच इतक्या आदराने बोलली होती. त्याला नाही म्हणवलं नाही.

झाडांच्या दुकानात खरी झाडं बाहेर टेकून ठेवलेली होती आणि खोटी आत मांडलेली. बाहेर एक गृहस्थ खऱ्या झाडावरून हात फिरवत म्हणत होते, काय सुंदर आहे हो, अगदी प्लास्टिकचं वाटतं. आत विक्रेता प्लास्टिकच्या झाडावरून हात फिरवत सांगत होता, अगदी खरं वाटतं. कवळीकार दाराच्या मधोमध थोडा वेळ उभाच राहिला. मग आत जाऊन त्याने खोटं घेतलं. विक्रेता म्हणाला की यात एक फांदी वाकडी सापडायची नाही. "तीच तर अडचण आहे," असं म्हणून कवळीकाराने खोका उचलला.

झाड थेट त्याच्या खोलीत आलं. जबडे फळ्यांवरून खाली उतरले, आणि तीन दिवस गिऱ्हाइकं बिनदातांची राहिली. मापाचा मसाला घेऊन तो पुन्हा दुकानापाशी गेला आणि बाहेरच्या एका खऱ्या झाडाच्या सालीचं त्याने रीतसर माप घेतलं. विक्रेता हे काय चाललंय म्हणून बाहेर आला, तेव्हा कवळीकार सवयीने झाडाला सांगत होता, "हलू नका, दोनच मिनिटं." त्या मापावरून त्याने लोखंडी दांड्यावर खोड घडवलं. कापलेलं झाड पाण्याच्या पातेल्यात उभं करतात, त्यात प्लास्टर विरघळलं असतं, म्हणून कवळीचाच मसाला वापरला. तो हिरडीच्या रंगाचा असतो. त्यामुळे एक अख्खा दिवस ते झाड गुलाबी हिरडीवर उभं होतं, आणि दातांचे डॉक्टर डोकावून 'हे कुणाचं?' एवढंच विचारून गेले. मग त्यावर तपकिरी रंग चढला. सालीवर डिंक म्हणून मेणाचे थेंब ओघळले. सुईसारखी बारीक पानं इथे-तिथे चहाच्या पाण्याने रंगवून सुकलेली केली. सगळं झाल्यावर तो दोन पावलं मागे सरला, बघितलं, आणि त्याचा हात आपोआपच पुढे गेला. डावीकडची दुसरी फांदी त्याने केसभर वाकडी केली.

नाताळच्या आठ दिवस आधी झाड घरात आलं. सासूबाईंची नजर अधू झाली होती, पण बोटं तल्लख होती. त्यांनी साल चाचपली, डिंक चाचपला, बोटं एकेका फांदीवरून सरकत डावीकडे गेली आणि दुसऱ्या फांदीवर थांबली. सासूबाईंनी तोंड मिटूनच जीभ कुठेतरी फिरवल्यासारखं केलं.

"लवंगेचा वास येतो," त्या म्हणाल्या.

"जातच तशी आहे," कवळीकार म्हणाला. खोटे दात करण्यात त्याची हयात गेली होती, पण तोंडाने बोललेलं हे त्याचं पहिलंच धडधडीत खोटं, आणि त्याचे कान लाल झाले.

खोटं झाड खरं करणं एक वेळ सोपं. ते रोज खरं ठेवायचं म्हणजे राबावं लागतं. खरं झाड पाणी पितं. सासूबाई रोज सकाळी मगभर पाणी बुंध्याशी ठेवलेल्या पातेल्यात ओतायच्या. त्या अंघोळीला गेल्या की कवळीकार दवाखान्यातल्या मोठ्या पिचकारीने ते उपसायचा. खरं झाड गळतं. म्हणून मागच्या बाजूची पानं कातरून रोज चाळीसेक जमिनीवर पेरायची. पहिल्या दिवशी त्याने ती नीट सारख्या अंतरावर पेरली, आणि ते बघून बायकोने कपाळाला हात लावला. आठवड्यात झाडाला मागून टक्कल पडलं आणि ते भिंतीला टेकवावं लागलं. बायको केरसुणी फिरवत, आईला ऐकू जाईल अशी, कुरकुरायची की खऱ्या झाडाचा हाच ताप. मग दोघं एकमेकांकडे बघून हसू दाबायची. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षानंतर इतका मजेचा आठवडा त्यांनी काढला नव्हता, आणि कवळीकाराला मनातून फार सुख वाटत होतं.

नाताळच्या दिवशी मावशी आल्या. या सासूबाईंच्या धाकट्या बहीण, आणि त्यांना प्रत्येक वस्तूची परीक्षा घ्यायची हौस. सोनं घासून बघायच्या, लोकरीच्या शालीचा धागा ओढून पेटवून बघायच्या, आणि त्यासाठी पर्समध्ये काडेपेटी ठेवायच्या. त्यांचे स्वतःचे दात पन्नाशीतच गेले होते. कवळी दुसऱ्या कुणाकडची होती, फूटपट्टीसारखी सरळ, आणि बोलताना टकटक वाजायची. थोरल्या बहिणीचे दात शाबूत, हे त्यांचं जुनं दुखणं होतं.

मावशींनी झाडाभोवती फेरी मारायला घेतली, पण मागे भिंत होती. "प्लास्टिक आहे," त्या म्हणाल्या. बायको म्हणाली, नाही हो मावशी, खरंच आहे. मावशींनी वाद घातला नाही. जमिनीवरचं एक पान उचललं आणि काडेपेटी काढली. खरं असेल तर जळून राख होईल, म्हणाल्या, आणि प्लास्टिक असेल तर वितळून घाण वास सुटेल. काडी पेटली. बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. ती आईच्या खोलीकडे बघत होती, आणि दारातून खाटेखालची बॅग दिसत होती. कवळीकाराची तर दातखीळच बसली.

"विझव ती काडी," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या.

"अगं ताई, बघू तर दे खरं आहे का."

"माझ्या दातांइतकं खरं आहे. ते पण जाळून बघणार आहेस का?"

मावशींनी काडी विझवली. ज्या दातांवर इतकी वर्षं जळून झालं, ते खोटे असतील असं आता कुठल्या तोंडाने म्हणणार? बायकोने लगेच री ओढली, बत्तीसच्या बत्तीस आहेत आईचे. सासूबाई कवळीकाराकडे बघत होत्या, आणि या वेळी दोघांपैकी कुणीही भलतीकडे बघितलं नाही.

बायको मावशींना बसपर्यंत सोडायला गेली. घरात दोघंच उरली, तेव्हा कवळीकार खाली बघत म्हणाला, "आई, तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"फांदीवरून ना?"

"फांदी चांगली आहे. माझ्या दातासारखीच आहे. सालही चांगली जमलीय, डिंकही. त्यावर मी फसले असते, जावईबापू. पण तुम्ही एक गोष्ट विसरलात."

काय, ते त्याला कळेना. त्याने मनातल्या मनात बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सगळं झाड पुन्हा तपासलं.

"खोकला," सासूबाई म्हणाल्या. "खरं झाड असतं तर माझी पोरगी खोकली असती. दिवसभर कान लावून बसले होते मी. एकदाही खोकली नाही."

"पण तुम्ही तर म्हणत होता, झाडाने दमा होत नाही."

"म्हणत होते. बोलून बसले, मग शब्द मागे घेताना जीभ वळेना. ठरवलं होतं, ती एकदा जरी खोकली तरी बॅग उचलायची आणि झाडासकट माझ्या घरी निघून जायचं. ती नाही खोकली."

कवळीकाराने सालीचं माप घेतलं होतं, पाण्याचं घेतलं होतं, रोज गळायच्या पानांचंसुद्धा घेतलं होतं. पण आई मुलीच्या श्वासाकडे कान लावून बसेल, हे त्याच्या कुठल्याच मापात आलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. ते पुसायला हात नेला, तर लवंगेने आणखीच झोंबले.

"रडताय काय," सासूबाई म्हणाल्या. "ती बॅग माळ्यावर टाका बघू."

तो खोलीत गेला, वाकला, दोन्ही हातांनी बॅगेची मूठ धरून जोर लावला, आणि बॅगेसकट मागच्या मागे जमिनीवर बसला. बॅग रिकामी होती. कपडे कपाटात नीट घड्या घालून ठेवलेले होते.

"आई, हे कधी केलंत?"

"झाड आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी," बाहेरून सासूबाई म्हणाल्या. "आणि पाणी इतकं उपसू नका. आठ दिवसांचं झाड झालं ते, आता एवढं पीत नाही."

उद्यापासून अर्धंच काढतो, असं म्हणून कवळीकार उठला आणि माळ्यावर चढायला स्टूल आणायला गेला.